‘पंच विकला गेला’ असे म्हणण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या शहरात झालेल्या एका आंतरशालेय बास्केटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यानंतर एक छायाचित्र पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरले. ते स्कोअर शीटचे होते. हरलेल्या संघाच्या फाउलच्या रकान्यांभोवती हिरवे वर्तुळ काढले होते आणि खाली लिहिले होते, ‘आमचे १९, त्यांचे ९. आणखी पुरावा हवा?’ त्यापुढे पंच विकले गेल्याचा नेहमीचा निष्कर्ष होता. सामन्याच्या दोन पंचांपैकी एक पंच म्हणजे २३ वर्षांची मुलगी होती आणि तिला त्या दिवसाचे जे मानधन मिळाले त्यात तिचा जाण्यायेण्याचा खर्च जेमतेम निघाला असेल. तिने पुढच्या स्पर्धेसाठी दिलेले नाव मागे घेतले आहे. मी स्वतः २२ वर्षे शालेय, महाविद्यालयीन आणि जिल्हा पातळीवरील सामन्यांत पंचाचे काम केले आहे, त्यामुळे हे पत्र तटस्थ माणसाचे नाही, हे आधीच कबूल करतो. मात्र ते पंचांची वकिली करण्यासाठीही लिहिलेले नाही. बास्केटबॉलचे पंच पक्षपाती असतात का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय, काही प्रमाणात असतात’ असेच आहे. फक्त प्रेक्षक ज्या पक्षपाताचा आरोप करतात तो बहुधा तेथे नसतो, आणि जो खरोखर असतो तो घडवण्यात प्रेक्षकांचाच मोठा हात असतो.

आधी त्या छायाचित्राविषयी. मी तो सामना पाहिला होता. हरलेल्या संघातील मुले उंचीने कमी होती, म्हणून त्यांच्या प्रशिक्षकांनी पहिल्या मिनिटापासून पूर्ण मैदानावर प्रेस लावला होता. समोरच्यांनी चेंडू आत घेतला रे घेतला की त्यांना तिथेच गाठायचे. धोरण शहाणपणाचे होते आणि त्याच्याच बळावर हा संघ अखेरपर्यंत सामन्यात टिकला. पण असा बचाव करताना हातावर हात पडतात, मनगटे पकडली जातात आणि दमलेली मुले पाय हलवण्याऐवजी हात टाकू लागतात. प्रतिस्पर्धी संघ मात्र आपल्या बोर्डाखाली उभा राहून उंचीच्या जोरावर बचाव करत होता, त्यामुळे त्यांचे फाउल कमी झाले यात नवल नाही. शिवाय सात गुणांनी मागे असताना शेवटच्या दोन मिनिटांत घड्याळ थांबावे म्हणून प्रशिक्षक स्वतःच ‘फाउल करा, फाउल करा’ असे ओरडत होते, आणि ते आरोप करणाऱ्या पालकांनीही ऐकलेच असणार. ज्या कागदाचे छायाचित्र फिरवले त्याच कागदावर हे सारे वाचता आले असते. स्कोअर शीटवर पहिल्या व तिसऱ्या क्वार्टरच्या नोंदी लाल शाईने आणि दुसऱ्या व चौथ्या क्वार्टरच्या निळ्या किंवा काळ्या शाईने करतात, आणि मध्यंतराला फाउलच्या रकान्यांत जाड रेघ मारतात. ती रेघ आणि शाई नीट पाहिली असती, तर १९ पैकी ८ फाउल शेवटच्या क्वार्टरचे आहेत हे समजायला अर्धे मिनिट पुरले असते.

दोन्ही संघांचे फाउल साधारण सारखे असावेत, ही अपेक्षा वरवर न्यायाची वाटते. पण तिला खेळात आधार नाही. जो संघ चेंडू घेऊन वारंवार रिंगकडे मुसंडी मारतो त्याच्या वाट्याला फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल रेषेवरून मिळणारे मोकळे फटके, जास्त येतात. जो लांबून तीन गुणांचे फटके मारत राहतो त्याच्या वाट्याला कमी. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये शॅकिल ओनील या खेळाडूवर प्रतिस्पर्धी संघ मुद्दाम फाउल करत, कारण कारकिर्दीत त्याचे १०० पैकी जेमतेम ५३ फ्री थ्रो आत गेले. त्याला बास्केटखाली चेंडू मिळू देण्यापेक्षा रेषेवर पाठवणे परवडत असे. अशा सामन्यातील फाउलची बेरीज मांडून कोणी पंचांवर बोट ठेवले, तर तो हिशेब पंचांच्या नव्हे, प्रशिक्षकांच्या निर्णयांचा होतो.

दुसरी अडचण नजरेची आहे. बास्केटबॉलमध्ये स्पर्श झाला की फाउल झाला, असा सार्वत्रिक समज असला तरी नियम तसे सांगत नाही. प्रत्येक खेळाडूला त्याच्या पायाखालच्या जागेचा आणि त्या जागेच्या सरळ वरच्या अवकाशाचा हक्क असतो; स्पर्शाला जबाबदार कोण आणि त्या स्पर्शाने कोणाचे नुकसान झाले, हे पंचाला ठरवायचे असते. चेंडू घेऊन धावणारा आणि त्याला अडवणारा यांची टक्कर झाली, तर बचावपटू आधीच आपल्या जागी येऊन समोर तोंड करून उभा होता की शेवटच्या क्षणी आडवा सरकला, यावर तो चार्जिंगचा (धावणाऱ्याचा) फाउल की ब्लॉकिंगचा (अडवणाऱ्याचा) हे ठरते. म्हणजे निर्णय धडकेवर नव्हे, तर धडकेच्या आधीच्या अर्ध्या सेकंदावर अवलंबून असतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात गॅलरीतल्या बहुतेकांची नजर चेंडूवर असते. पंच मात्र त्या वेळी चेंडूकडे न पाहता बचावपटूच्या पायांकडे आणि छातीकडे पाहत असतो, निदान त्याने तसे पाहावे असे त्याला शिकवलेले असते. दोघांनी एकच घटना पाहिली असे आपण म्हणतो, परंतु प्रत्यक्षात दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी पाहिलेल्या असतात.

त्यातही आपल्या संघाचे प्रेम डोळ्यांवर काय परिणाम करते, याचा दाखला बास्केटबॉलबाहेरचा पण फार बोलका आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या अमेरिकन विद्यापीठांचा फुटबॉलचा सामना, म्हणजे तिकडचा अंगावर धावून जाण्याचा फुटबॉल, भलताच आडदांड झाला. प्रिन्स्टनच्या प्रमुख खेळाडूचे नाक मोडले. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्ही विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच फिल्म दाखवली आणि दिसतील ते नियमभंग नोंदवायला सांगितले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या खेळाडूंचे नियमभंग आपल्या खेळाडूंच्या दुपटीहून अधिक दिसले; डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दोन्ही बाजूंचे जवळपास सारखेच दिसले. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील कोणीही विद्यार्थी खोटे बोलत नव्हता. आमच्या गटांवरचे पालकही खोटे बोलत नाहीत, हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच त्यांना समजावणे इतके अवघड जाते.

याचा अर्थ प्रत्येक संशय निराधार असतो असे नव्हे. ३१ मे २००२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये लेकर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज या एनबीए संघांत प्ले-ऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, मालिकेचा सहावा सामना झाला. लेकर्सना सामन्यात एकूण ४० फ्री थ्रो मिळाले, त्यांपैकी २७ एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये. किंग्जचे दोन उंच खेळाडू, व्लादे दिवाच आणि स्कॉट पोलार्ड, सहा फाउल होऊन बाहेर गेले. आणि अखेरच्या क्षणांत लेकर्सच्या कोबी ब्रायंटचे कोपर किंग्जच्या माइक बिबीच्या तोंडावर बसूनही फाउल दिला गेला नाही. लेकर्स १०६-१०२ असे जिंकले आणि पुढे सातवा सामनाही. ग्राहकहक्कांसाठी आयुष्यभर झगडणारे राल्फ नेडर यांनी या पंचगिरीबद्दल एनबीएचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांना पत्र लिहून चौकशी मागितली होती. मी तो सामना नंतर दोनदा पाहिला आहे आणि एक पंच म्हणून सांगतो, त्यातील काही निर्णयांचे समर्थन मला करता येत नाही. पण वाईट पंचगिरी आणि विकलेली पंचगिरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही.

विकलेला पंच कसा असतो, हेही एनबीएने पाहिले आहे. टिम डोनाघी हा पंच तेथे १३ हंगाम काम करत होता. तो स्वतः पंच असलेल्या सामन्यांवर पैसे लावत होता आणि जुगाऱ्यांना आतली माहिती पुरवत होता. २००७ च्या जुलैमध्ये त्याने राजीनामा दिला, ऑगस्टमध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि २००८ मध्ये त्याला १५ महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्याच वर्षी त्याने वकिलामार्फत आरोप केला की, २००२ मधील एका मालिकेत दुसऱ्या पंचांनी लीगच्या फायद्यासाठी सामना लांबवला. वर्णन सरळ त्या सहाव्या सामन्याचे होते. एनबीएने माजी सरकारी वकील लॉरेन्स पेडोविट्झ यांच्याकडून चौकशी करून घेतली, तीत या आरोपाला आधार मिळाला नाही. चौकशी लीगनेच नेमलेली होती, त्यामुळे तिच्यावर किती विसंबायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. या १३ हंगामांत लाखो प्रेक्षकांनी डोनाघीला शिट्टी वाजवताना पाहिले, त्याच्यावर आरडाओरडा केला, इतर प्रत्येक पंचाला म्हणतात तसे त्यालाही ‘विकलेला’ म्हटले असेल. पण तो खरोखर तसा आहे हे गॅलरीतून कोणालाही ओळखता आले नाही. तो सापडला तो अमेरिकेच्या एफबीआयला, जुगार आणि संघटित गुन्हेगारी यांचा माग काढताना. जो आरोप प्रत्येक पंचावर होतो तो खऱ्या अपराध्याला वेगळा काढू शकत नाही.

आता त्या पक्षपाताकडे वळतो, जो मला खरा वाटतो. तो शिट्टीला पैशाने नव्हे, आवाजाने वळवतो. इंग्लंडमध्ये अॅलन नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० पात्र फुटबॉल पंचांना एका सामन्यातील ४७ झटापटींचे चित्रण दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. त्यांच्यासमोर मैदान नव्हते, धमकी नव्हती, पाकीट नव्हते. होता तो ध्वनिमुद्रित गोंगाट. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बास्केटबॉलमध्ये जोसेफ प्राइस, मार्क रेमर आणि डॅनिएल स्टोन या संशोधकांनी चेंडू गमावण्याच्या घटनांचे दोन गट पाडले. चेंडू सरळ सीमारेषेबाहेर फेकला गेला तर पंचाला ठरवण्यासारखे काही उरत नाही. पण ट्रॅव्हलिंग (चेंडू हातात धरून जास्त पावले टाकणे) किंवा आक्रमकाचा फाउल देणे हे त्याच्या नजरेवर सोपवलेले असते. घरच्या मैदानावर खेळणाऱ्या संघाला, सामन्यात मागे पडलेल्या संघाला आणि प्ले-ऑफच्या मालिकेत पिछाडीवर असलेल्या संघाला अशा नजरेवर सोपवलेल्या निर्णयांत झुकते माप मिळते, असे त्यांना आढळले. येथे ध्यानात घ्यावे की एनबीएचे पंच कोणत्याही शहराचे नसतात. ते लीगचे नोकर असतात आणि हंगामभर गावोगाव फिरतात. क्रिकेटमध्ये यजमान देशाच्या पंचांवरील संशयाला उत्तर म्हणून १९८६ च्या लाहोर कसोटीत आपले पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी यांना उभे केले गेले, आणि पुढे त्रयस्थ पंचांची प्रथाच पडली. बास्केटबॉलमध्ये त्रयस्थ पंच असूनही यजमानांकडे कल राहतो, तेव्हा कारण पंचाच्या गावात शोधण्यापेक्षा त्याच्या कानात शोधावे लागते.

याहून अधिक टोचणारा निष्कर्ष काइल अँडरसन आणि डेव्हिड पीअर्स यांचा आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचे ३६५ सामने तपासून त्यांनी २००९ मध्ये दाखवले की, एका संघाचे फाउल दुसऱ्यापेक्षा जितके जास्त होत जातात, तितकी पुढचा फाउल दुसऱ्या संघावर दिला जाण्याची शक्यता वाढत जाते. म्हणजे पंच नकळत बरोबरी साधू लागतात. हे वाचताना मला माझीच एक संध्याकाळ आठवली. विद्यापीठ पातळीवरील उपान्त्य सामना, त्या क्वार्टरमध्ये यजमान महाविद्यालयाचे ७ फाउल आणि पाहुण्यांचे २, आणि प्रत्येक शिट्टीला गॅलरीतून मोठ्याने चाललेली मोजणी. पुढची टक्कर झाली तेव्हा मी बेसलाइनवर, म्हणजे बास्केटमागच्या रेषेवर, होतो. बचावपटू जागेवर उभा होता, हे मी स्पष्ट पाहिले होते. माझा हात वर गेला आणि मी ब्लॉकिंगचा फाउल पाहुण्यांवर दिला. कोणी पैसे दिले नव्हते, कोणी धमकावले नव्हते. गॅलरी पाच मिनिटे शांत झाली एवढाच मोबदला. टेबलकडे जाऊन खेळाडूचा क्रमांक दाखवताना मला कळले होते की मी काय केले. त्या मुलाचा तो चौथा फाउल होता आणि त्याच्या प्रशिक्षकांना त्याला बाकावर बसवावे लागले.

फाउलच्या बेरजेची बरोबरी मागणाऱ्या पालकांनी या गोष्टीचा अवश्य विचार करावा. ही मागणी मान्य झाली तर फायदा होतो तो आडदांड खेळणाऱ्या संघाचा, कारण पहिल्या दहा मिनिटांत मनसोक्त धक्काबुक्की केली की पुढे पंच आपोआप समोरच्यांचे फाउल शोधू लागतात. नीट बचाव करणारा संघ यात भरडला जातो. गेल्या महिन्याच्या सामन्यात त्या मुलीने असे काही केले नाही. १९ विरुद्ध ९ हा आकडा तिने तसाच राहू दिला. मला तो तिच्या पक्षपाताचा नव्हे, तिच्या धीराचा पुरावा वाटतो.

कोणाचाच संघ नसला की प्रेक्षक कसे वागतात, हे मी एकदाच पाहिले आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातील पहिले दोन सामने झाले, तेव्हा दुसऱ्या दिवशी मी तेथे होतो. संघ होते इंडियाना पेसर्स आणि तेच सॅक्रामेंटो किंग्ज, जे २०१३ पासून मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या मालकीचे आहेत. पेसर्स १३०-१०६ असे सहज जिंकले. माझ्या आजूबाजूचे लोक दोन्ही बाजूंच्या डंकवर सारखेच उठून ओरडत होते, आणि माझ्या पुढच्यामागच्या चार रांगांत पूर्ण सामन्यात एकदाही कोणी फाउल मोजले नाहीत.

पंचांचा पक्षपात मोजला की कमी होतो, हेही दिसून आले आहे. जोसेफ प्राइस आणि जस्टिन वोल्फर्स यांनी १९९१ ते २००४ या काळातील एनबीए सामन्यांवरून असे दाखवले की, तिन्ही पंच गोरे असताना, एकही गोरा पंच नसलेल्या सामन्यांच्या तुलनेत, कृष्णवर्णीय खेळाडूंवर सुमारे अडीच ते साडेचार टक्के जास्त फाउल दिले जात. ४८ मिनिटांच्या खेळामागे हा फरक फार तर एका फाउलच्या पाचव्या हिश्शाइतका भरतो. कोणत्याही एका सामन्यात तो डोळ्यांना दिसणे अशक्य, हजारो सामन्यांच्या नोंदी मांडल्यावरच दिसतो. २००७ मध्ये या संशोधनाची बातमी वृत्तपत्रांत गाजली. एनबीएने निष्कर्ष फेटाळून लावला. पण पुढे याच संशोधकांनी डेव्हिन पोप यांच्यासह नंतरच्या हंगामांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तो कल नाहीसा झालेला आढळला. लीगने पंचांना वेगळे प्रशिक्षण दिल्याचे त्यांना कोठे दिसले नाही. हा दोष आपल्यात असू शकतो एवढी जाणीव झाली आणि शिट्टी बदलली, असे त्यांचे म्हणणे आहे. आरडाओरड्याने जे झाले नसते ते मोजमापाने झाले, म्हणून मला हा अभ्यास या साऱ्या चर्चेत सर्वांत आशादायक वाटतो.

एनबीए मार्च २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांतील शेवटच्या दोन मिनिटांच्या प्रत्येक निर्णयाचा, आणि न दिलेल्या फाउलचाही, अहवाल दुसऱ्या दिवशी जाहीर करते. निकाल त्याने बदलत नाही आणि पंचांच्या संघटनेला तो आवडत नाही. जानेवारी २०२३ मध्ये बोस्टन येथे बरोबरीच्या सामन्यात शेवटच्या क्षणी लेब्रॉन जेम्सच्या हातावर प्रतिस्पर्ध्याचा हात पडला, फाउल दिला गेला नाही आणि लेकर्स जादा वेळेत हरले. तेव्हा मात्र पंचांनी सामन्यानंतर आणि त्यांच्या संघटनेने जाहीरपणे चूक मान्य केली. आपल्याकडे मोबाइलवर तो क्षण मुलांनी संथ गतीने शेकडो वेळा पाहिला असेल. या संथ चित्रणाबद्दलही एक सावधगिरी हवी. तेच दृश्य संथ गतीने पाहिले की ते करणाऱ्याने अधिक जाणूनबुजून केल्यासारखे वाटते, असे २०१६ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले आहे. चूक ओळखायला संथ चित्रण उपयोगी पडते, पण बदमाशी ओळखायला नाही.

जिल्हा पातळीवर रिप्लेची यंत्रणा कोणी मागणार नाही. पण अंतिम सामन्याचे चित्रण हल्ली एखादा पालक करतोच. ते घेऊन दुसऱ्या दिवशी दोन वरिष्ठ पंचांनी शेवटच्या क्वार्टरचे निर्णय तपासावेत आणि बरोबर किती, चुकीचे किती, हे एका पानावर लिहून संघटनेच्या फलकावर लावावे, एवढे कोणत्याही संघटनेला जमण्यासारखे आहे. माझ्या त्या संध्याकाळच्या शिट्टीचे असे पान लागले असते तर मला शरम वाटली असती, आणि ती वाटायला हवी होती. आपल्या दैनिकाच्या क्रीडाप्रतिनिधींनाही विनंती की, स्थानिक सामन्याच्या वृत्तात ‘पंचांच्या वादग्रस्त निर्णयांमुळे’ असा शब्दप्रयोग करताना निर्णय कोणता, कोणत्या क्वार्टरमधला आणि त्यावर पंचांचे म्हणणे काय, हे दोन ओळींत द्यावे. गेल्या महिन्याच्या वृत्तात तो शब्दप्रयोग होता, पण त्यापुढे एकाही निर्णयाचा उल्लेख नव्हता. पुढील महिन्यात १४ वर्षांखालील मुलींची स्पर्धा सुरू होत आहे आणि तिच्यासाठी अजून चार पंच कमी पडत आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
नागपूर